इंदुरात बसून वाइनचे प्रदेश शिकायचे, तर सुरुवात कुठून करावी?

रामबागकर

वाइन आवडते, पण आता तेवढ्यावर भागत नाही. एका बाटलीवर 'शिराझ' लिहिलेलं असतं, ती द्राक्षाची जात. दुसरीवर 'रियोखा', तो प्रदेश. तिसरीवर नुसतं 'बोर्दो', आणि आत कुठली द्राक्षं आहेत ते बाटलीभर शोधूनही सापडत नाही. दुकानात उभं राहिलं की गोंधळ होतो.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. प्रदेश शिकायला कुठल्या क्रमानं प्याव्यात? मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा बाटल्या ठेवायच्या कुठं? आणि आपल्या जेवणाबरोबर, म्हणजे बाफल्यापासून मटणाच्या रश्श्यापर्यंत, काय चालतं? नाशिकला एक फेरी मारायचीच आहे, तर कोणत्या महिन्यात जावं?

मैलाचा_दगड

क्रमाचं उत्तर सोपं आहे. देश धरू नका, द्राक्ष धरा. एकच जात घ्यायची आणि ती वेगवेगळ्या गावी कशी वागते ते बघायचं. एका महिन्यात फ्रान्स, पुढच्या महिन्यात इटली असं केलं तर जात, माती, हवा, पिंपाचं लाकूड सगळं एकदम बदलतं आणि चव कशामुळं बदलली ते कळत नाही.

शिराझ यासाठी फार चांगली. फ्रान्समध्ये उत्तर र्‍होनच्या खोऱ्यात तिला सिरा म्हणतात. तिथं ती सडपातळ, मिरीच्या वासाची, थोडी मांसल. ऑस्ट्रेलियात बरोसाला तीच जाड होते, पिकलेल्या जांभळासारखी, मद्यार्क साडेचौदा टक्क्यांच्या पुढं. नाशिकची या दोघींच्या मध्ये कुठंतरी बसते. मिरीचा वास ही केवळ उपमा नाही बरं का. रोटंडोन नावाचं द्रव्य काळ्या मिरीत असतं आणि सिराच्या सालीतही असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ मध्ये दाखवून दिलं. थंड जागी ते जास्त तयार होतं, म्हणून मिरी जोरात आली की थंड प्रदेशाचा संशय घ्यायला हरकत नाही.

पांढऱ्यात चेनिन ब्लाँ. मूळची फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठची, व्हूव्रे तिचं गाजलेलं गाव. आज फ्रान्सपेक्षा जास्त चेनिन दक्षिण आफ्रिकेत आहे. आणि नाशिकला तर ती घरचीच झाली आहे.

राजवाडा_७

मैलाचा_दगड यांच्याशी थोडा मतभेद. जात धरून चाललं तर युरोप सुटतो. तिथं लोक जात लिहीत नाहीत, कारण त्यांच्या लेखी जमीन आधी येते. फ्रान्समधल्या बोर्दोचंच घ्या. नदीच्या डाव्या काठाला, मेदोककडं, खडी-गोट्यांची जमीन. पाणी झरझर निचरतं, दगड दिवसाची ऊब धरून ठेवतात, म्हणून उशिरा पिकणारी कॅबर्ने सोव्हिनियाँ तिथं जमते. उजव्या काठाला सेंट एमिल्यॉं आणि पोमरोलला चिकणमाती आणि चुनखडी जास्त, माती गार राहते, म्हणून लवकर पिकणारी मर्लो. हे एकदा समजलं की बाटलीवर जात लिहायची गरजच राहत नाही, गावाचं नाव वाचलं की झालं.

बोर्दोची १८५५ ची प्रतवारी अजूनही चालते. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून, त्या काळच्या बाजारभावावर बेतलेली. लाल वाइनच्या यादीत पुढं एकच मोठी बढती झाली, १९७३ मध्ये मूतॉं रोथशिल्डला पहिला दर्जा मिळाला.

कळसूबाई

बोर्दोत दर्जा शातोला, म्हणजे घराण्याला. फ्रान्सच्याच बर्गंडी प्रदेशात दर्जा जमिनीच्या तुकड्याला. हा फरक आपल्या लोकांना पटकन समजतो, कारण वाटण्या आपल्याला ठाऊक आहेत. क्लो द व्हुजो हा मठाच्या साधूंनी भिंत घालून राखलेला एकच मळा, पन्नास हेक्टरांच्या आसपास. फ्रेंच राज्यक्रांतीत जप्त झाला, पुढं विक्री आणि सगळ्या मुलांना सारखा वाटा देणारा कायदा यामुळं तुकडे पडत गेले. आज तिथं ऐंशीच्या आसपास मालक आहेत. म्हणजे सामायिक सातबारा, आणि प्रत्येकाची वाइन वेगळी. वरच्या चढावरच्या दोन ओळी एकाच्या, खालच्या ओलसर भागातल्या दुसऱ्याच्या. म्हणून बर्गंडी घेताना मळ्याच्या नावाइतकंच उत्पादकाचं नाव बघायचं.

रामबागकर

वा! सातबाऱ्याचं उदाहरण डोक्यात पक्कं बसलं. आमच्याकडं खसरा म्हणतात, पण भांडणं तीच.

मग सोपं करून विचारतो. पहिल्या सहा महिन्यांत बर्गंडीच्या वाटेला जावं की नको?

मैलाचा_दगड

नको. त्या पैशात नाशिकच्या चार-पाच बाटल्या येतील आणि शिकणं जास्त होईल. राजवाडा_७ म्हणतात ते खरं आहे, पण जमीन ओळखायला आधी जिभेला जात ओळखता यावी लागते.

बडोदेकर

आमच्याकडं १९६० पासून राज्याची दारूबंदी, त्यामुळं बाटलीबद्दल मी काही बोलत नाही. पण वाइनचा निम्मा अभ्यास वासाचा आहे आणि तो स्वयंपाकघरात होतो. फोडणीच्या डब्यातल्या वाट्या झाकून ठेवा, डोळे मिटून एकेक हुंगा आणि नाव सांगा. लवंग, मिरी, दालचिनी, जायफळ. ओकच्या पिंपातली वाइन लवंग आणि व्हॅनिलाकडं झुकते. त्यातली लवंग म्हणजे युजेनॉल, तेच द्रव्य दोन्हीकडं. मग ढोबळी मिरची कापून तिचा वास घ्या. सोव्हिनियाँ ब्लाँ आणि कच्च्या राहिलेल्या कॅबर्नेत तोच हिरवा वास येतो, पायराझिनचा. घड उन्हात नीट पिकले की तो कमी होतो. पिकलेला पेरू, लिची, भिजवलेले बेदाणे, हे सगळं फुकटात.

तुरटपणासाठी चहा. बिनदुधाचा चहा घ्या, एक पेला दोन मिनिटं उकळा, दुसरा दहा मिनिटं. दुसऱ्यानं हिरड्या आणि गालांची आतली बाजू आवळली जाते, जीभ पुसल्यासारखी कोरडी होते. तो टॅनिन. आता त्याच कडक चहात दोन चमचे दूध घाला. आवळणं एकदम कमी होतं, कारण टॅनिन दुधाच्या प्रथिनांना चिकटतं. चीजबरोबर लाल वाइन मऊ लागते त्याचं कारण हेच. तुरट आणि कडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जिभेला या चहानं फार लवकर कळतं.

निशिगंध

+१. यात आंबटपणाची भर घालते. एका पेल्यात लिंबूपाणी बिनसाखरेचं, दुसऱ्यात तितकंच लिंबू आणि दोन चमचे साखर. दोन्हींत आम्ल सारखंच आहे, पण दुसरं कमी आंबट वाटतं. मात्र गिळल्यावर दोन्ही वेळा लाळ सारखीच सुटते. वाइनमधलं आम्ल असं लाळेवरून मोजायचं, जिभेच्या पहिल्या समजुतीवरून नाही. जर्मनीतल्या मोझेलची रीझलिंग ही पांढरी वाइन गोड असूनही जड का लागत नाही ते यातून कळेल. आणि एक खूण: मोझेलच्या बाटलीवर मद्यार्क ८ किंवा ९ टक्के दिसला तर साखर शिल्लक आहे असं समजावं. ती साखर मद्यार्कात बदललीच नाही.

खुंटकलम

नाशिकचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण आपला प्रदेश जगाच्या नेहमीच्या नियमात बसत नाही.

वाइनचा पट्टा साधारण ३० ते ५० अक्षांशांमधला म्हणतात. नाशिक २० वर. तिकडं हिवाळ्यात वेल झोपते, पानं झडतात, वसंतात फुटते. आपल्याकडं वेल झोपतच नाही, म्हणून तिला कात्रीनं वर्ष समजावून सांगावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी. यात फळ घ्यायचं नसतं, फक्त काडी तयार करायची. पुढच्या हंगामाचे घड याच काडीच्या डोळ्यांत पावसाळ्याआधी ठरतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ही फूट फळ देते. जानेवारी ते मार्च काढणी.

आता चवीशी संबंध. घड डिसेंबर-जानेवारीत भरतो तेव्हा दिवसा २८-३० आणि पहाटे १० च्या आसपास. वेल रात्री श्वसनात मॅलिक आम्ल जाळते. रात्र जितकी गार तितकं कमी जळतं. म्हणून आमची चेनिन आणि सोव्हिनियाँ ब्लाँ जानेवारी-फेब्रुवारीत काढली तर तरतरीत राहते. मार्च लागला की साखर धावते आणि आम्ल पडतं. एका आठवड्याची दिरंगाई पेल्यात कळते. लाल जातींना साल आणि बी पिकायला वेळ लागतो. तो वेळ मिळण्याआधीच साखर २४ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) पुढं गेली तर वाइन एकाच वेळी कडक आणि कच्ची लागते. नाशिकच्या लाल वाइनची खरी परीक्षा इथं असते.

हिशेबासाठी: लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर म्हणजे १ टक्का मद्यार्क. एका बाटलीला किलोभरापेक्षा थोडी जास्त द्राक्षं. खायच्या थॉम्पसनचा मणी मोठा, साल पातळ. वाइनच्या द्राक्षाचा मणी वाटाण्याएवढा, साल जाड, बिया भरपूर. लाल वाइनचा रंग आणि टॅनिन त्या सालीत असतो, म्हणून लहान मणी हवा. झाडावर घडांचं ओझं खायच्या द्राक्षाच्या निम्म्याहून कमी ठेवतात.

बिघडतं कुठं? गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो आणि कोवळे घड हातचे जातात. पुढं ढगाळ गारठ्यात भुरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट. मणी तडकला की कूज आणि व्हिनेगरचे जिवाणू, आणि मग कारखान्यात काहीही केलं तरी तो वास पूर्ण जात नाही.

रामबागकर

@खुंटकलम दादा, "कात्रीनं वर्ष समजावून सांगावं लागतं" हे फार आवडलं. कलमाचा खुंट कशासाठी? नाव तुम्हीच घेतलंय म्हणून विचारतो.

खुंटकलम

युरोपात फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं १८६० च्या दशकापासून मळे उजाड केले. उपाय म्हणजे अमेरिकन वेलीचा खुंट आणि त्यावर युरोपियन जातीची काडी. आपल्याकडं खुंट मुख्यतः खारट पाणी आणि दुष्काळासाठी. खायच्या द्राक्षांना डॉगरिज, वाइनच्या जातींना ११०-आर जास्त दिसतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती कीड पोचलीच नाही, म्हणून बरोसात १८४० च्या दशकातल्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत आणि फळ देतात.

थंडगार

साठवणीवर कुणीच आलं नाही, आणि इंदुरात तोच मोठा घोटाळा आहे.

वाइनला हवं १२ ते १५ अंश, अंधार, आणि तापमानात चढउतार नको. मेमध्ये बंद फ्लॅट ३८ वर जातो. आठवडाभर असं राहिलं की बाटलीतली वाइन फुगते आणि बूच वर सरकतं. खरेदी करताना बोट फिरवून बघा: बूच काचेच्या कडेपेक्षा वर आलेलं असेल, किंवा वेष्टण फिरवल्यावर गोल फिरत नसेल आणि खाली चिकट ओघळ असेल, तर बाटली तापलेली आहे. चव शिजलेल्या मुरंब्यासारखी येते, ताजं फळ गायब. दुकानात काचेजवळ उन्हात उभी असलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर साधा फ्रिज, भाजीच्या कप्प्यात, आडवी. ४-५ अंश गार जरूर आहे, पण काही महिने चालतं. वर्षानुवर्षं नको, कोरड्या हवेत बूच आकसतं. फिरकीचं झाकण असेल तर तीही चिंता नाही. उन्हाळ्यात पिशवीभर बाटल्या घेऊन ठेवूच नका. लागेल तशी आणा.

राजवाडा_७

जुन्या वाड्याचं तळघर असेल तर? किंवा माठासारखं ओलं पोतं गुंडाळून?

थंडगार

तळघर उत्तम, पण आधी आठवडाभर तापमापी ठेवून सकाळ-दुपार नोंद करा. २० ते २२ वर स्थिर असेल तर वर्षभर ठेवायला ठीक. ओल्या पोत्यानं मेच्या कोरड्या हवेत बरंच गार होतं, पण पावसाळा लागला की हवा दमट, पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही. शिवाय लेबल कुजतं. पोतं संध्याकाळपुरतं, साठवणीला नाही.

लाल वाइन "खोलीच्या तापमानाला" प्यावी, हा नियम आपल्या खोल्यांसाठी नव्हेच. लाल १५ ते १८, पांढरी ८ ते १२, फेसाळ ६ ते ८. मेमध्ये लाल बाटली फ्रिजमध्ये तासभर ठेवून मगच उघडा. ३० अंशांवर मद्यार्क नाकात घुसतो आणि दुसरं काही समजत नाही. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. नुसता बर्फ नको, पाणी हवंच. पाणी बाटलीला सगळीकडून लागतं, बर्फाचे तुकडे फक्त टोकांनी. पंधरा-वीस मिनिटांत पांढरी तयार.

माळवी_मावशी

जेवणाचं मी सांगते. पहिला नियम तिखटाचा. तिखट, टॅनिन आणि मद्यार्क एकत्र आले की तोंड पेटतं. मटणाच्या झणझणीत रश्श्याबरोबर साडेचौदा टक्क्यांची तुरट कॅबर्ने हा चुकीचा जोड, कितीही वेळा सुचवला जात असला तरी. त्यापेक्षा कमी तुरट लाल, थोडी गार करून. किंवा किंचित गोड चेनिन.

गराडूबरोबर फेसाळ ब्रूट, म्हणजे गोड नसलेली. तळलेला कंद, वर जिरावन आणि लिंबू. वाइनचं आम्ल आणि बुडबुडे तेल धुऊन काढतात आणि मीठ-लिंबाला वाइनचं आम्ल जुळतं. भुट्ट्याचा कीस दुधात शिजतो, गोडसर असतो, त्याला चेनिन. दाल-बाफल्यावर तुपाची धार असते, तिथं ओकच्या पिंपातली शार्दोने ही पांढरी वाइन तुपाच्या जाडीला उभी राहते. लवंग घातलेल्या रतलामी शेवेबरोबर नाशिकची शिराझ छान, कारण मसाला दोन्हीकडं आहे. शेव फार तिखट मात्र नको.

गोडाचा नियम एकच: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. पुरणपोळीबरोबर कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, वाइन घेतली की ती नुसती आंबट पाणी लागते. उशिरा काढलेल्या चेनिनची गोड वाइन मिळते, ती घ्या. जिलबीपुढं मात्र बहुतेक वाइन हरतात. तिथं दूधच बरं.

आग्रारोड

जिलबीला दूध! मावशींनी इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीची लाज राखली. :)

नाशिकच्या फेरीबद्दल. इंदूर ते नाशिक चारशे किलोमीटरच्या थोडं वर. सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड. पिंपळगाव बसवंत आलं की रस्त्याच्या दुतर्फा मांडव सुरू होतात. ती बहुतेक खायची द्राक्षं. वाइनची बाग ओळखायची खूण म्हणजे वर मांडव नसतो, तारांवर भिंतीसारखी उभी ओळ असते.

जायचं जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. बागेत घड असतात आणि कारखान्यात टाक्या चालू असतात. तेव्हा आंबवणीचा वास सगळ्या आवारात भरलेला असतो, आणि दाबयंत्रातून निघालेली साल हातात घेऊन बघता येते. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं पण घड नसतात. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा हे वाइनचे कारखाने. दिवसाला दोनच ठिकाणं, चाखून थुंकायचं भांडं मागायला लाजू नका. गाडी चालवणाऱ्यानं तर नुसता वास घ्यावा.

परतीला बाटल्या गाडीत ठेवून धुळ्याला जेवायला थांबू नका. उन्हात बंद गाडी साठच्या दिशेनं जाते. आणि दारू हा राज्याचा विषय आहे, महाराष्ट्राची बाटली मध्य प्रदेशात आणताना उत्पादन शुल्काचे नियम लागतात. आधी नियम बघा, मगच खरेदी करा.

कळसूबाई

सोलापूर विसरू नका. अकलूजला फ्रातेली हा वाइनचा कारखाना, तिथं इटलीची सांज्योव्हेजे ही लाल जात लावली आहे. नाशिकची आणि अकलूजची लाल शेजारी ठेवली तर एकाच राज्यातले दोन प्रदेश कळतात.

निशिगंध

बिघाडाच्या वासांची छोटी यादी, नाहीतर माणूस बिघाडालाच प्रदेशाची खूण समजतो. ओला पुठ्ठा, बुरसट तळघर: बुचाचा दोष, वेळ दिला तरी जात नाही, परत करा. कापून ठेवलेलं सफरचंद: हवा लागलेली. नखाचं पॉलिश काढायच्या द्रव्याचा किंवा व्हिनेगरचा वास: जिवाणू. विझलेली काडी किंवा सडकं अंडं: गंधकाचा, आणि हा एकच बरा होणारा. पेला फिरवा. नाही गेला तर चिंच लावून लखलखीत घासलेली, नीट धुतलेली तांब्याची पळी दोन-तीनदा फिरवून काढून घ्या. तांबं हायड्रोजन सल्फाइडला धरतं. पळी आत ठेवून मात्र देऊ नका.

रामबागकर

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. वहीत उतरवून घेतलं.

आता मूळ प्रश्नाकडं. पहिल्या संध्याकाळी नेमक्या कुठल्या दोन बाटल्या आणि कशा प्यायच्या? चार जण आहेत.

मैलाचा_दगड

नाशिकची कोरडी चेनिन आणि दक्षिण आफ्रिकेची कोरडी चेनिन. दोन्ही शक्यतो एकाच सालच्या, ओकच्या पिंपात न ठेवलेल्या. दोन्ही बाटल्या एकत्रच फ्रिजमध्ये, तीन तास. एक दोन अंश जरी गार असली तरी ती जास्त आंबट आणि कमी वासाची वाटेल आणि तुम्ही प्रदेशाचा फरक समजाल. वर्तमानपत्रात गुंडाळा, गळ्यापर्यंत. झाकणं काढून बाजूला.

प्रत्येकी तीन पेले, सारख्या आकाराचे, वर निमुळते. साबणाचा वास राहिलेला नको. कोमट पाण्यानं धुऊन उपडे वाळवा. ओतायचं एका माणसानं, बाकीच्यांनी पाठ फिरवून: दोन पेल्यांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी ५० मिलिलिटर, आणि क्रम प्रत्येकाचा वेगळा. वेगळा पेला कोणता तेवढंच ओळखायचं. ओतणारा त्या फेरीत चाखत नाही, पुढच्या फेरीत तो बसतो आणि दुसरा ओततो. वेगळा पेला चौघांनाही ओळखता आला तरच फरकाबद्दल बोलायला बसा. तोपर्यंत 'आफ्रिकेची जास्त सुंदर' वगैरे लिहू नका.

७५० मिलिलिटरमध्ये असे पंधरा पेले होतात, म्हणजे दोन फेऱ्या होऊन थोडी उरते. उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. कुठली आधी ढासळली हेही वहीत लिहा.

माळवी_मावशी

आणि भुट्ट्याचा कीस दोन्ही फेऱ्या संपल्यावरच गॅसवर चढवा. हिंग-मिरचीची फोडणी घरभर पसरली की चेनिनचा वास अर्धा तास नाकाला लागणार नाही.